काशीतले घर आणि वकिलाचा मेहनताना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण खरी असेल. पण ती भांडणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याला कोणाशी भांडावयाचे नाही, केवळ वडिलोपार्जित घर विकावयाचे आहे किंवा दुसऱ्याचे घर रीतसर विकत घ्यावयाचे आहे, त्यालाही कचेरीची पायरी चढावीच लागते आणि त्या पायरीवर वकिलाची गाठ पडते. घराचा भाव माणूस दहा ठिकाणी विचारतो, दलालाशी घासाघीस करतो, सुताराकडून तुळया तपासून घेतो. वकिलाला मात्र ‘आपला मेहनताना किती आणि तो कशाकशाबद्दल?’ असे विचारताना त्याची जीभ अडखळते. काम उरकल्यावर आकडा ऐकून तो मनात कुढतो, घरी येऊन वकिलाला नावे ठेवतो आणि रक्कम देऊन मोकळा होतो. हा संकोच आला कोठून? तो पूर्वीपासून असाच होता काय? याचा शोध घेण्यासाठी आज आपण काशीस जाऊ.

काशीसच का, असे श्रोते विचारतील. एक तर काशी मराठी माणसाला परकी नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट ही नावे आजही गंगेच्या काठाने मराठी इतिहास सांगत उभी आहेत. अमृतराव पेशवे १८२४ साली काशीतच वारले. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी आप्पा तेथेच राहत, आणि त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या, म्हणजे पुढची झाशीची राणी, त्याच नगरीत जन्मली. ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट यांच्या मागच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. घाट बांधावयाचा तर आधी जागा घ्यावी लागते, काशीवास करावयाचा तर घर घ्यावे लागते. म्हणजे खरेदीखत आले, आणि ते लिहून देणाराही आला. दुसरे कारण असे की, वकिलाचा मेहनताना कोणी ठरवावा, सरकारने की अशिलाने, या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा इतिहास काशीच्या कचेरीत एकाच ठिकाणी वाचावयास मिळतो.

आरंभ वकील नसतानाच्या काळापासून करू. पेशवाईत ‘वकील’ हा शब्द होता, पण त्याचा अर्थ निराळा. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला प्रतिनिधी तो वकील. न्यायाच्या कामी वादी आणि प्रतिवादी स्वतःच उभे राहत, पंचांपुढे आपापले कागद आणि साक्षीदार मांडत. निवाडा झाला की जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घेई आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’. खर्च तेव्हाही होताच. पण तो सरकारात जमा होई, आणि त्याला नाव होते. उत्तरेत मुघल अमलात खरेदीखतावर काझीची मोहोर लागे. काशीच्या जंगमवाडी मठात त्या काळची जमिनींची फारशी कागदपत्रे जतन झाली आहेत. जमिनीचा हक्क कागदाच्या आधारे सांगण्याची रीत या नगरीत किती जुनी आहे, याची त्यांवरून कल्पना येते.

१७७५ साली काशीचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. चेतसिंगाच्या १७८१ मधील उठावानंतर शहराच्या न्यायाचे काम अली इब्राहीम खान यांच्याकडे सोपविण्यात आले. १७८७ साली जोनाथन डंकन हा रेसिडेंट म्हणून आला. त्याने १७९१ मध्ये काशीत संस्कृत पाठशाळा स्थापन केली. या पाठशाळेचा आपल्या विषयाशी संबंध असा की, १७९३ साली कॉर्नवॉलिसच्या सरकारने बंगालमध्ये वकिलांविषयीचा जो सातवा नियम केला, त्यात वकील नेमताना कलकत्त्याच्या मदरशातील आणि काशीच्या पाठशाळेतील विद्यार्थ्यांना अग्रस्थान दिले होते. म्हणजे ज्या घाटावर शास्त्री घडत होते, तेथूनच कंपनीच्या अदालतींना वकीलही मिळावेत अशी योजना होती. १७९५ साली बंगालच्या नमुन्याची न्यायव्यवस्था काशी प्रांतालाही लागू झाली.

या व्यवस्थेत आजच्या माणसाला नवल वाटावे अशी एक गोष्ट होती. वकिलाची फी सरकार ठरवीत असे. ठरलेल्यापेक्षा अधिक मागणाऱ्या वकिलाला सनद गमवावी लागे. १८१४ च्या सत्ताविसाव्या नियमात या फीचे कोष्टकच दिले होते. दाव्यातील रक्कम ५,००० रुपयांपर्यंत असेल तर शेकडा ५. त्यापुढे २०,००० पर्यंतच्या रकमेवर शेकडा २. तेथून ५०,००० पर्यंत शेकडा १. पुढे ८०,००० पर्यंत शेकडा अर्धा. त्याहून मोठा दावा असला तरी १,००० रुपयांपुढे फी नाही. श्रोत्यांनी हिशेब करून पाहावा. पहिल्या टप्प्याचे २५०, दुसऱ्याचे ३००, तिसऱ्याचे ३०० आणि चौथ्याचे १५०. बेरीज बरोबर १,०००. काशीतील ६,००० रुपयांच्या घरावरून दावा लागला तर वकिलाची फी २५० अधिक २०, म्हणजे २७० रुपये. गल्लीतल्या वाण्यालाही हे बोटांवर मोजता येत होते. फी थोडी होती की फार, हा प्रश्न वेगळा. ती सर्वांना दिसत होती, हे तिचे वैशिष्ट्य.

मग ही पद्धत टिकली का नाही? तिच्यातच तिचे दोष होते. हुशार आणि मंद, कष्टाळू आणि आळशी, सर्वांना एकच दर. शिवाय दर छापला म्हणून व्यवहार थांबतो असे नाही. उत्तर हिंदुस्थानच्या कचेऱ्यांत दोन शब्द जोडीने नांदत आले: मेहनताना आणि शुकराना. मेहनताना म्हणजे श्रमाचे मोल. शुकराना म्हणजे जय मिळाल्यावर कृतज्ञतेने द्यावयाची रक्कम. आपल्या हरकीची ही जणू चुलत बहीण; भेद इतकाच की हरकी सरकारात जाई आणि शुकराना वकिलाच्या घरी. कृतज्ञता मनात असते तोवर ती शोभते. ती आगाऊ ठरविली की तिचा सौदा होतो. शेवटी १८४६ च्या पहिल्या कायद्याने सरकारी दराचे हे बंधन सैल झाले, आणि वकील व अशील यांनी आपसांत फी ठरवावी अशी मोकळीक मिळाली.

या मोकळिकीतून एक भेद जन्मला. तो आजही पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. दाव्याचा निकाल आपल्यासारखा लागला की न्यायालय प्रतिपक्षाकडून खर्च देवविते. हा खर्च न्यायालयाच्या ठरीव दराने मोजला जातो. आपण आपल्या वकिलाला कबूल केलेली रक्कम ही निराळी गोष्ट. ‘खर्चासह हुकूमनामा’ हे शब्द ऐकून आपले सारे पैसे परत येतील असे समजणारा गृहस्थ हमखास निराश होतो. चूक वकिलाची नसते आणि न्यायाधीशाचीही नसते; दोन वेगळ्या मापांना एकच माप समजल्याचा तो परिणाम असतो.

मोकळीक दिल्यावर तिचा गैरवापर होऊ नये म्हणून १८७९ चा विधिव्यवसायींचा कायदा आला. वायव्य प्रांतात, म्हणजे काशीतही, तो लागू होता. त्यात एक मोठी शहाणपणाची तरतूद होती. प्लीडर किंवा मुखत्यार यांनी अशिलाशी केलेला फीचा करार लेखी असावा, त्यावर अशिलाची सही असावी, आणि सही झाल्यापासून १५ दिवसांत तो न्यायालयात दाखल व्हावा. नाही तर तो करार ग्राह्य नाही. इतकेच नव्हे, तर अशा कराराच्या आधारे दावा लागला आणि करार न्याय्य व वाजवी असल्याचे सिद्ध झाले नाही, तर न्यायालयाने रक्कम कमी करावी किंवा करारच रद्द करावा. पुढे १९२६ साली फीसंबंधीचा स्वतंत्र कायदा झाला. खाजगी कराराने ठरलेली फी मागण्यासाठी दावा लावण्याचा हक्क त्याने वकिलाला दिला. आणि हयगय झाली तर अशिलाने वकिलावर दावा लावावा, हेही त्याच कायद्याने मान्य केले. हक्क आला तेथे जबाबदारीही आली. १८७९ चा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. पण कागदावर लिहून सही घेण्याची त्याची शिकवण जुनी झालेली नाही.

याच काळात इंग्लंडात आणि मुंबईत काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. इंग्लंडात १६०५ पासूनच ॲटर्नीने आपल्या सहीचे बिल अशिलाला द्यावे असा दंडक होता. १७२९ च्या कायद्याने ते बिल न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याची सोय झाली. तरीही घरजमिनीच्या कागदांची फी दीर्घकाळ लांबीवर आकारली जाई. दस्त जितका लांब तितके मोल अधिक! मग एका वाक्यात सांगावयाचे दहा वाक्यांत सांगितले गेले तर नवल काय? १८८१ च्या कायद्याने ही रीत मोडून मालमत्तेच्या किमतीवर फी बसविण्याचा मार्ग खुला केला. मुंबईत १८२४ साली सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले आणि त्याच्याबरोबर इंग्लंडच्या धर्तीचे ॲटर्नी, म्हणजे आपले सॉलिसिटर, आले. त्यांचे बिल कलमवार असे, आणि ते पटले नाही तर उच्च न्यायालयाच्या टॅक्सिंग मास्टरपुढे नेता येई. १९७६ च्या दुरुस्तीने ॲटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला. ‘सॉलिसिटर’ हे नाव मुंबईत अद्याप चालते. काशीत हा वर्ग कधीच रुजला नाही. म्हणून मुंबईकर गृहस्थ काशीत घर घ्यावयास गेला आणि ‘बिल तपासणारा अधिकारी कोठे बसतो?’ असे विचारू लागला, तर त्याला तेथे उत्तर मिळत नाही. तपासणीचे काम त्याचे त्यालाच करावे लागते.

ते कसे करावे? समजा, नागपूरच्या एका गृहस्थाला आईच्या काशीवासासाठी दोन खोल्यांचे घर घ्यावयाचे आहे. वरुणेपलीकडच्या कचेरीत वकील भेटतो आणि म्हणतो, ‘भाईसाहब, सर्व मिळून आठ लाख लागतील, तुम्ही निश्चिंत असा.’ हा ‘सर्व मिळून’ शब्द मोठा फसवा. वकिलाच्या मनात खोट नसेलही; पण या एका आकड्यात चार वेगवेगळ्या थैल्या बांधलेल्या असतात. पहिली थैली सरकारची: मुद्रांक आणि नोंदणी शुल्क. हिचा दर सरकार जाहीर करते, आणि वेगळा करार नसेल तर १८९९ च्या मुद्रांक कायद्याप्रमाणे खरेदीखताच्या मुद्रांकाचा भार घेणाऱ्यावर असतो. या थैलीची पावती मिळतेच. ती मागून घ्यावी. दुसरी थैली कागद काढण्याची. काशीत खरेदीखताला ‘बैनामा’ म्हणतात. आपला फेरफार तो तेथला ‘दाखिल-खारिज’. मागील बारा वर्षांत मालमत्तेवर बोजा चढला आहे काय, याचा दाखला तो ‘बारासाला’. या नकलांची सरकारी फी असते, आणि तीही वेगळी दाखविता येते. तिसरी थैली दस्त लिहिणाऱ्याची आणि कारकुनाची. तिला तेथे ‘मुंशियाना’ म्हणतात. चौथी थैली तेवढी वकिलाची. आठ लाखांवर वाद घालू नये. या चौथ्या थैलीत किती आहे, एवढेच विचारावे. पुष्कळदा असे दिसते की ज्याला आपण वकिलाची लूट म्हणत होतो, ती बहुतांशी सरकारची तिजोरी होती. कधी उलटेही दिसते.

आणखी एक पाचवी थैली असते, पण ती कोणी दाखवीत नाही. गिऱ्हाईक वकिलाकडे आणून देणाऱ्या दलालाची ती. अशा कचेरीच्या दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार १८७९ च्या कायद्यानंतर न्यायाधीशांना मिळाला होता; २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार आता १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये आणला आहे. स्टेशनावर किंवा घाटावर भेटलेल्या ‘ओळखीच्या’ माणसाबरोबर वकिलाकडे गेलो, तर त्या ओळखीची किंमत आपल्याच आकड्यात मिसळलेली असते, हे ध्यानी ठेवावे.

वकिलाच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. काशीच्या गल्लीतल्या घराचा हक्क तपासणे हे हलके काम नव्हे. घर एक, वारस तेरा, त्यांतले काही पुण्याला, काही परदेशी. तळमजल्यावर जुना भाडेकरू, माडीवर देवघर, आणि ते देवघर खाजगी की सार्वजनिक विश्वस्तांचे हाही प्रश्न. नगर निगमाच्या करवहीत नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होते असे नाही. विश्वनाथ मंदिराभोवतीच्या परिसरासाठी सरकारने तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या आणि ते काम १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पित झाले. त्या वेळी किती भाडेकरू, दुकानदार आणि हिस्सेदार एकेका दाराआड आहेत, हे साऱ्या देशाला दिसले. अशा घराचे तीस वर्षांचे कागद जो वकील खरोखर वाचतो, त्याचा मेहनताना जास्त असला तरी महाग नसतो. कागद न वाचता थोडक्या पैशांत जो बैनामा लिहून देतो, तोच महाग पडतो. कारण त्याचे मोल आपण पुढे दाव्यात भरतो.

मग आकडा पटला नाही तर काय करावे? पहिली गोष्ट, भांडण न करता कलमवार हिशेब लेखी मागावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवला पाहिजे. रक्कम फीची की खर्चाची हे त्यात नमूद केले पाहिजे. खर्चासाठी दिलेले पैसे अशिलाच्या लेखी संमतीवाचून फीकडे वळविता येत नाहीत. आणि मागणी केल्यास हिशेबाची नक्कल दिली पाहिजे. दुसरी गोष्ट, ‘पैसे दिल्याशिवाय कागद देणार नाही’ या धाकाला भिऊ नये. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे. वकिलाला आपली फी दावा लावून मागता येते. घराचे मूळ दस्त ओलीस ठेवता येत नाहीत. तिसरी गोष्ट, दाव्यात मिळणाऱ्या रकमेत किंवा मालमत्तेत वकिलाचा हिस्सा ठरवू नये. तसा करार नियमांना धरून नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने, अपघाताच्या भरपाईतील टक्केवारीने फी मागून त्यासाठी घेतलेल्या चेकवर उभारलेला खटला रद्द केला. जुन्या शुकरान्याची ही अखेर म्हणावयास हरकत नाही.

एवढ्यानेही तंटा मिटला नाही आणि वर्तन गैर आहे अशी खात्री झाली, तर राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. उत्तर प्रदेशाचे कौन्सिल प्रयागराजला आहे. मात्र फी जास्त वाटली म्हणजेच गैरवर्तन झाले, असे कौन्सिल मानीत नाही. हिशेब लपविला, पैसे वळविले, कागद अडविले, असे काही दाखवावे लागते. ग्राहक न्यायालयाचा दरवाजा मात्र आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरविले. दिवाणी न्यायालयाचा मार्ग उघडा आहे. पण वकिलाच्या फीसाठी दुसरा वकील करावा लागणे, ही पायरी शहाण्याने खरोखरच टाळावी.

तात्पर्य असे. १८१४ साली काशीच्या माणसाला वकिलाची फी विचारावी लागत नव्हती. ती नियमात लिहिलेली होती. १८४६ नंतर ती लिहिण्याचे काम सरकारने सोडले आणि ते आपल्यावर आले. आपण मात्र सरकार अजून ते करीत आहे अशा समजुतीत गप्प बसतो, आणि मग फसलो म्हणून तक्रार करतो. काम सुरू होण्यापूर्वी एका साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: कोणते काम, किती फी, कोणते खर्च वेगळे, आणि काम मध्येच थांबले तर काय. खाली दोघांच्या सह्या असाव्यात. यात अविश्वास नाही. चांगला वकील हा कागद स्वतःच पुढे करतो. आणि जो कपाळाला आठ्या घालतो, त्याच्याविषयी त्या आठ्याच पुरेसे सांगून जातात. आईच्या काशीवासासाठी घेतलेल्या घराचा उंबरठा ओलांडताना मनात कोणाविषयी कडवटपणा असू नये. त्यासाठी हा एक कागद फार मोठा नाही.